उजवी दाढ

सोमवारी तिने औषधाच्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारली. बुधवारी औषध रेघेच्या दोन बोटं खाली गेलं होतं, आणि मधल्या दोन दिवसांत तिने पोरीला एक थेंबसुद्धा पाजला नव्हता.

लहान मुलांचं तापाचं औषध ते. गुलाबी, गोड. पोरीचा ताप उतरून आठवडा झाला होता आणि बाटली फळीवर, आरशाच्या मागे, होती तिथेच होती. नवरा डोंगरापलीकडे बांबू तोडायला गेला होता, तो आठवड्याने यायचा. घरात राहिले सासू, सासरे, ती आणि दोन वर्षांची चिमणी. चिमणीचा हात फळीला पोचत नव्हता. मांजर काही झाकण फिरवून उघडत नाही.

मग राहिलं कोण?

गेले काही दिवस चिमणी दुपारी दोन-दोन तास मेल्यासारखी झोपत होती. एरवी डोळ्याला डोळा न लावणारी पोर. "हिच्या पायात भिंगरी आहे गं, हिच्यापायी एक टोपली धड होत नाही," असं सासूबाई परवाच म्हणाल्या होत्या. तिने कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं होतं की कामाच्या घाईत माणसं मुलांना औषध पाजून निजवतात. तीन वर्षांत शिकलेलं बाकी सगळं डोक्यातून गेलं, हे एवढं मात्र राहिलं.

ती चुलीपाशी गेली. सासूबाई तव्यावर खडेमीठ भाजत होत्या.

"आई, चिमणीला औषध दिलंत का तुम्ही?"

"कसलं?"

"तापाचं."

"ताप आलाय का तिला?"

"नाही."

"मग कशाला देऊ?" सासूबाईंनी वर पाहिलंच नाही.

"मीठ कशाला भाजताय?"

"गुडघा धरलाय. शेकते."

पण संध्याकाळी तोच गुडघा दोन घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या खडाखडा चढताना तिने पाहिला.

---

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची लांबट शेड. शेडमध्येच सगळं काम चाले. सासरे बांबू फोडून कामट्या काढायचे, दोघी बायका टोपल्या विणायच्या. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांची कामटी काढायची रीत बघायला नवखी माणसं थांबत. बांबूच्या फाकेला टोकाशी सुरीने चीर पाडायची, एक अर्धं उजव्या दाढेत गच्च धरायचं, दुसरं दोन्ही हातांनी ओढत न्यायचं. मान मागे जायची, गळ्याच्या शिरा तट्ट फुगायच्या आणि कामटी या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन सुटायची, कागदासारखी सारखी. पस्तीस वर्षांत त्या दाढेला खाच पडली होती. पाहुणे आले की आबा तोंडात बोट घालून ती दाखवायचे. "हा माझा तिसरा हात," म्हणायचे.

या आठवड्यात आबा भिंतीकडे तोंड करून बसत होते. डोक्यावरून हनुवटीखाली टॉवेल गुंडाळलेला.

"आबा, शेडमध्ये कसलं ऊन लागतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पत्रा तापतो," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

आणि कामट्या. सासूबाईंच्या ढिगातल्या कामट्या एकसारख्या. तिच्या ढिगातल्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापुद्रा. जाड कामटी वळवता वळवता तिचा अंगठा सोलला. टोपलीचं बूड बसेना, काठ एका बाजूला झुकला.

"मनगट कच्चं आहे तुझं, मास्तरीणबाई," सासूबाई म्हणाल्या. शिकलेली म्हणून या घरात तिचं नाव मास्तरीण पडलं होतं.

गुरुवारी बागेचा मुकादम आला. यंदा ऊन लवकर तापलं होतं, फळ पंधरा दिवस आधी पिकायला लागलं होतं. त्याने तिची टोपली उचलली, बुडाला गुडघा लावून दाबली. बूड कुरकुरलं.

"ही कुणाची कलाकुसर?"

तिने मान खाली घातली.

"फळं भरायचीत, बाई. ही तर पहिल्या खेपेलाच डोळे पांढरे करेल. आबा, सहाशे टोपल्या ठरल्यात. मालक रोज प्लास्टिकच्या क्रेटचं नाव काढतोय. पुढच्या शनिवारी मला काय सांगायचं त्याला?"

एरवी आबांनी त्याला शब्दाने लोळवला असता. आज नुसता हात हलवला.

"तोंडात सोनं धरलंय का? बोला की!"

आबांनी पुन्हा हात हलवला. मुकादम तिची टोपली बाजूला फेकून निघून गेला.

तिच्या डोक्यात मात्र एकेक कामटी एकमेकीत अडकत गेली. महिन्यापूर्वी नवऱ्याने तालुक्याच्या क्रेटच्या कारखान्यात माणसं घेतायत असं सांगितलं होतं आणि ती म्हणाली होती, "बघा तरी जाऊन. चिमणीला शाळा तरी जवळ होईल." ते बोलणं पत्र्याच्या भिंतीअलीकडे झालं होतं, आणि पत्र्याला कान नसतात असं कोण म्हणेल? म्हणजे आबा मुद्दाम तिला वाकड्या कामट्या देत होते. चारचौघांत तिची टोपली फेकली जावी म्हणून. आणि सासूबाई पोरीला गुंगवत होत्या, म्हणजे सुनेला विणायला बसवता यावं. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं की तिची तहानभूकच पळाली.

---

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती चिमणीला घेऊन आडवी झाली. डोळे मिटले, पण पापण्यांत फट ठेवली. पोर घामाने चिंब होऊन झोपली होती. आज सासूबाईंना रंगेहाथ धरायचं, मग जे होईल ते होईल.

पावलं वाजली. ती बांगड्यांच्या आवाजाची वाट बघत राहिली. बांगड्या वाजल्या नाहीत.

आबा आत आले. त्यांनी आरशामागून बाटली काढली, झाकणाने मोजायच्या भानगडीत न पडता तोंडाला लावली. पण गिळलं नाही. टॉवेल सोडला, मान उजवीकडे कलती केली आणि औषध गालात धरून भिंतीला टेकून उभे राहिले. डोळे मिटलेले, कडांतून पाणी वाहत होतं. उजवा गाल आत पेरू कोंबल्यासारखा सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती.

"आबा!"

ते दचकले. गुलाबी औषध हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. हातातली बाटली त्यांनी लहान मुलासारखी पाठीमागे लपवली.

"सगळं नाही घेतलं," ते म्हणाले. "तिच्यापुरतं ठेवलंय."

ती उठून बसली.

"किती दिवस झाले?"

"दहा. ओल्या बांबूची गाठ होती. ओढताना आत कट् झालं."

"आईंना माहीत आहे?"

आबांनी चुलीकडे पाहिलं. म्हणजे तव्यावरचं मीठ गुडघ्यासाठी नव्हतं.

"आणि माझ्या कामट्या?"

"उजवीने ओढवत नाही. डावीने ओढलेल्या वाकड्या येतात." त्यांनी टॉवेल पुन्हा गुंडाळायला घेतला. "नीट निघतात त्या तुझ्या सासूला देतो. तिचे डोळे गेलेत, तिला वाकडी कामटी सांभाळत नाही. तुला सांभाळते."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे खरं, की आत्ता सुचलं? आबांचं तोंड इतकं सुजलं होतं की त्यावरून काहीच वाचता येत नव्हतं.

---

शेजारच्या लोहाराला कुणीतरी सांगितलंच. तो दारात येऊन उभा राहिला. "पकड आणू का, आबा? घोड्यांचे दात काढलेत मी."

"घोडे जगले का?" सासूबाईंनी विचारलं.

"ते घोड्यांना विचारावं लागेल."

"तालुक्याला दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाऊ," ती म्हणाली.

आबांनी मान जोरात हलवली आणि दुखलं म्हणून गाल धरला. "डॉक्टर दाढ काढतात. माझ्या चुलत्याची काढली, सहा महिन्यांत चुलता गेला."

"अहो, चुलता ट्रॅक्टरखाली गेला," सासूबाई म्हणाल्या.

"दाढ असती तर नसता गेला."

हे ऐकून लोहारसुद्धा निघून गेला.

पण शनिवारी सकाळी आबांना चहा गिळेना. तोंड बोटभर उघडायचं, त्यातून लाळ गळायची. सूज गालावरून जबड्याखाली घसरली होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी नजर चुकवली.

"दुधाची गाडी थांबवते," ती म्हणाली. "आबा, चला."

"लिहून दे."

"काय?"

"लिहिणारी आहेस ना? दाढ काढू देणार नाही, असं लिहून दे. सही कर."

श्वास घेताना त्यांच्या घशात घरघर होत होती. वाद घालायला वेळ नव्हता. तिने वहीचा कागद फाडला, लिहिलं, सही केली. आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. घडी करून खिशात ठेवला.

चिमणीला तिने सासूबाईंच्या कडेवर दिलं. देताना हात क्षणभर अडला, आणि ते सासूबाईंनी पाहिलं.

दुधाच्या गाडीत कॅनच्या मधल्या फटीत दोघं बसली. पुढे ड्रायव्हर आणि अंडी विकणाऱ्या दोन बायका. अर्ध्या वाटेवर आबांनी खिशातून कागद काढला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढे केला.

"काय लिहिलंय, वाच रे."

ती चुपचाप कॅनला धरून बसली. ड्रायव्हरने एका हाताने चाक धरून, खणखणीत आवाजात वाचलं: "आबांची दाढ कुणालाही काढू देणार नाही. खाली सही." मग वळून म्हणाला, "कोण कुणाची दाढ काढतंय? आबा, घरात भांडण झालं का?"

अंडीवाल्या खळखळून हसल्या. आबांनी कागद परत घेतला. वाचून घेतल्यावर शंका फिटली होती की वाढली होती, कुणास ठाऊक. गाडी थांबेपर्यंत ते तिच्याकडे न बघता कॅनच्या झाकणाकडे बघत राहिले.

---

डॉक्टर तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. तोंडाला मास्क, आवाज मऊ. त्यांनी आबांच्या जबड्याखाली बोटं दाबून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, गिळायला लावलं, एक्स-रे काढला. मग तिला म्हणाल्या, "मुळाशी पू झालाय, आणि इन्फेक्शन खाली उतरतंय. बाहेरून शेक दिला का?"

"दिला. मिठाचा."

"आजपासून बंद. तुम्ही उद्या आला असतात तर मी हात लावला नसता, सरळ मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं असतं. हे मानेत उतरलं की श्वास अडकतो."

"आणि दाढ?"

"राहणार नाही. मुळापर्यंत चिरलीये. पण आज काढत नाही, तोंडच उघडत नाहीये त्यांचं. आज नुसता पू काढून टाकू, औषध देऊ, सहा दिवसांनी काढू."

"दोघी काय ठरवताय?" खुर्चीतून आबा म्हणाले.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. आत्ता नुसतं 'पू काढणार' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढचं पुढे बघता आलं असतं.

"आबा, दाढ चिरलीये. ती काढावी लागणार. आज नाही, सहा दिवसांनी."

आबांनी खिशातून कागद काढून डॉक्टरांच्या ट्रेवर, हत्यारांशेजारी ठेवला. "हिने लिहून दिलंय."

डॉक्टरांनी वाचला. हसल्या नाहीत. "मी चुकीचं लिहून दिलं," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आबा, इकडे बघा. ही तुमची दाढ. ही काळी रेघ दिसते?"

आबा खुर्चीतून पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना कामटीतला केसाएवढा दोष दिसायचा. त्यांनी अंगठ्याचं नख त्या रेघेवर वरून खाली फिरवलं.

"ही चीर गाठीच्या खाली गेलीये," ते म्हणाले.

"हो."

"असा बांबू मी घेत नाही. काही केलं तरी तो धरत नाही." ते मागे टेकले. "बघू सहा दिवसांनी. आज काय ते करा."

सुई टोचली, थोड्या वेळाने चीर दिली. खोलीत असा वास सुटला की तिने पदर नाकाला लावला. पिवळा, रक्ताळलेला पू कापसावर येत राहिला. आबांनी तिचं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं म्हणजे वाळलेली मुळंच, हाडात रुतत होती. तिने हात काढला नाही. मग एकदम ती बोटं ढिली पडली. आबांच्या छातीतून, दहा दिवस कोंडलेला असावा असा एक लांब श्वास बाहेर आला.

"झोप येतेय," ते म्हणाले.

---

घरी आल्यावर दिवसातून चार वेळा मिठाचं कोमट पाणी, पातळ पेज, आणि तीन वेळा कॅप्सूल. घशात अडकतं म्हणून आबा कॅप्सूल गालात ठेवून थुंकतील, अशी तिला खात्री होती. म्हणून ती समोर उभी राहायची.

"आ करा."

आबा आ करायचे. शेजारी उभी राहून चिमणीही आ करायची. एकदा लोहार तेव्हाच आला आणि त्यानेही आ केला. आबांनी त्याच्यावर तांब्या उगारला.

मंगळवारी सूज अर्ध्यावर आली, ताप गेला. आबा शेडमध्ये येऊन बसले. बुधवारी तिने शेड झाडताना बांबूचं एक आखूड नळकांडं उचललं, आत काहीतरी खुळखुळलं. चार कॅप्सूल.

"आबा, हे काय?"

"उरल्या."

"उरतील कशा? आ करताना जिभेखाली दडवल्यात! सहा दिवस म्हणजे सहा दिवस!"

"दुखणं गेलं. पुढच्या दुखण्याला ठेवल्यात. तू पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"ठेवते."

तिने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं पुढच्या कॅप्सूल वेळच्या वेळी, स्वतःच्या हाताने तोंडात टाकल्या आणि पाणी संपेपर्यंत हलली नाही. आबा तिच्या हातून गिळत होते आणि डोळ्यांनी शिव्या देत होते.

सासूबाई हे सगळं विणता विणता बघत होत्या. दुपारी दोघीच शेडमध्ये होत्या तेव्हा त्या म्हणाल्या, "बाटलीवर रेघ माझ्यासाठी मारली होतीस ना?"

तिचे हात थांबले.

"पोर उन्हाने गळून झोपायची, आणि मी नातीला गुंगी आणीन, असं वाटलं तुला?"

खोटं बोलायला जागा होती. तिने शोधली नाही. "वाटलं."

सासूबाईंनी कामटी दोनदा वळवून काठात खोचली. "मलाही वाटलं होतं. म्हटलं, ही ह्यांची दाढ काढून ह्यांना घरी बसवणार आणि नवऱ्याला घेऊन क्रेटच्या कारखान्याला जाणार."

"आता?"

"आता काय? अधूनमधून वाटतं अजून." त्यांनी पाण्याची बादली तिच्याकडे सरकवली. "भिजव त्या. वाळल्यात."

---

शुक्रवारी नवरा बांबूची गाडी घेऊन आला, आणि तोच आबांना घेऊन डॉक्टरकडे गेला. दाढ तीन तुकड्यांत निघाली. आबांनी ती कागदात बांधून आणली, दारातच उघडून पाहिली आणि उकिरड्यावर भिरकावली. दिवसभर कापूस चावून बसले. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, दातांनी काहीही ओढायचं नाही. आणि हे शेवटचं कायमचं, असं डॉक्टरांनी मुलाला दोनदा बजावलं होतं.

नवऱ्याने मुकादमाच्या हातापाया पडून चार दिवस वाढवून घेतले. साडेचारशे टोपल्या झाल्या होत्या. दीडशे राहिल्या होत्या आणि कामट्या संपल्या होत्या. नवऱ्याला बांबू तोडता यायचा, पण बारीक कामटी त्याच्या हातून कधी निघालीच नाही.

सोमवारी सकाळी आबा शेडमध्ये बसले. पुढे बांबूची फाक. सुरीने चीर पाडली. पायाच्या अंगठ्यात धरून ओढली, निसटली. गुडघ्याखाली दाबून ओढली, मोडली. तिसरी त्यांनी सवयीने तोंडाजवळ नेली. ती टोपलीतून मान वर काढून बघत होती. आबांनी फाक तशीच खाली आणली. उजव्या गालात आता खड्डा पडला होता, तो आत-बाहेर होत राहिला.

"मास्तरीण."

"काय आबा?"

"इकडे ये. समोर बस."

ती समोर बसली. चिमणी तिच्या मागोमाग येऊन फाकेला हात लावायला लागली. आबांनी सुरी उचलली होती ती मागे, पार पाठीशी ठेवली. "हिला आधी इथून ने." सासूबाई उठल्या आणि पोरीला उचलून दाराशी घेऊन गेल्या. तिने त्यांना जाताना पाहिलं, आणि पाठ फिरवून बसली.

आबांनी चिरलेल्या फाकेचं एक टोक तिच्या दोन्ही मुठींत दिलं. "दाढेचं काम एकच. गच्च धरायचं, हलायचं नाही. मी ओढेन."

"आणि तुम्ही जोरात ओढलं तर? माझा हात काचला तर?"

"मग सांग."

"ऐकाल?"

आबांनी तिच्या सोललेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "दाढ दहा दिवस सांगत होती, मी ऐकलं नाही. तू मोठ्याने सांग."

त्यांनी ओढलं. बांबू सर्र करून हातभर सुटला, दीड हात सुटला, आणि गाठीपाशी येऊन अडला. आबांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. तिच्या मुठीत धार रुतायला लागली. आबांची नजर गाठीवर, तिची नजर आबांच्या हातांवर.

"थांबा!" ती ओरडली.

आबा थांबले.